पुतळा उभा राहिला, मैदान गेलं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गोंदियाजवळच्या कुडव्यात घरासमोर, स्कूटीचं पंक्चर नीट न काढणाऱ्या माणसाशी भांडत होतो. संपादक म्हणाले, "गुरुजी, तुम्ही इतकी वर्षं कबड्डीचे पंच होता. जुन्या नामवंत खेळाडूंच्या आठवणी लिहा ना दिवाळी अंकासाठी. त्यांचा गौरव होईल, वाचकांना जरा बरं वाटेल. गोड काहीतरी." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गोड लिहायला माझ्याकडे काहीच नाही. गोड हवं असेल तर शेजारच्या पानावर करंजीची कृती छापा. आणि 'गौरव' हा शब्द माझ्यासमोर काढू नका. त्या शब्दाने माझं डोकं फिरतं. का फिरतं, तेच लिहितो.

मी पोटापाण्यासाठी मास्तर, खेळाचा. घरी पोवारी बोललो, शाळेत मराठीत शिट्टी मारली आणि गोंदियाच्या बाजारात हिंदीत भांडलो. पण तिरोड्यापासून देवरीपर्यंत लोक मला ओळखतात ते पंच म्हणून. धान कापून झालं, दिवाळी आटोपली, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाळणे लागतात, रात्री नाटक आणि दिवसा कबड्डी. त्या दिवसांत मी घरी कमी आणि मैदानावर जास्त असायचो. बायको म्हणायची, तुमचं जेवण मैदानावरच पाठवत जाऊ का?

टीव्हीवर कबड्डी पाहणाऱ्यांना पंचाचं काम कळायचं नाही. तिथे दहा बाजूंनी कॅमेरे. आमच्याकडे दोन डोळे, दोन कान आणि वरून शिव्या. चढाई करणारा एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरतो, कोणाला तरी शिवून मधल्या रेषेकडे परत येतो. दम तुटला की बाद. म्हणजे डोळे त्याच्या पायांवर आणि कान त्याच्या तोंडाशी. बाजूला नाटकाच्या जाहिरातीचा भोंगा कोकलतोय, पाळण्यावरची पोरं किंचाळताहेत, आणि दोन्ही गावं तुमच्या आईबहिणीची आठवण काढताहेत, त्यात तो दम ऐकायचा. कमरेत वाकून रेषेबाहेरून त्याच्या बरोबरीने पळायचं. माझी कंबर आज जी बोलते ती तेव्हाची.

वजनगटाचे सामने असले की खेळाडू मोजायचे राईस मिलच्या काट्यावर, धानाच्या कट्ट्यांच्या, म्हणजे पोत्यांच्या, रांगेत. एकदा एक गडी जरासाच जास्त भरला. त्याने शर्ट काढला, बनियन काढली, थुंकून आला, तरी काटा काही ऐकेना. मग जो गायब झाला तो न्हाव्याकडून डोकं भादरून परत आला, आणि बसला की बरोबर गटात! मिलचा शेठ हमालाला म्हणाला, "देख, इसको गोदाम में मत डाल देना." त्या गड्याने त्या दिवशी एकट्याने सामना काढला होता. असे वेडे लोक होते. खेळाचं वेड असलेले, सत्काराचं नाही.

आता सत्काराचं ऐका. तिकडे तिरोड्याकडच्या एका कार्यक्रमात जुन्या खेळाडूंना सकाळीच बोलावून मांडवात बसवलं. प्रमुख पाहुणे उगवले दुपार कलल्यावर. तोवर म्हाताऱ्यांना कोणी पाणी विचारलं नाही. मग एकेकाला वर बोलावून शाल, नारळ, फोटो. आणि म्हातारा पायऱ्या उतरला की खाली उभा असलेला कार्यकर्ता हळूच ती शाल काढून घेई आणि मागच्या बाजूने पुन्हा वर पाठवी. शाली कमी, म्हातारे जास्त! शेवटी एकाने शाल सोडलीच नाही. तो जुना कोपऱ्याचा खेळाडू. कोपऱ्यातल्याचं कामच असतं, आत शिरलेल्याचा घोटा पकडायचा आणि जीव गेला तरी सोडायचा नाही. कार्यकर्ता ओढतोय, म्हातारा धरून बसलाय, आणि वर भोंग्यावर चाललंय, "हे आमचं वैभव आहे." मी तिथून उठून आलो.

पण ते परवडलं म्हणायची वेळ बुधरामच्या गावात माझ्यावर आली.

बुधराम देवरीकडच्या जंगलातल्या एका गोंडांच्या गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, मला अजून त्या रस्त्याने जायचं आहे. सडपातळ, काळासावळा, चढाईला निघाला की वाटायचं, हा शेजाऱ्याकडे विळा मागायला चालला आहे. ओरडत नसे. त्याचा दम म्हणजे एक हलकी गुणगुण. ती ऐकायला मला इतकं जवळ जावं लागे की लोक म्हणत, "गुरुजी, तुम्हीच पकडून राहिले का त्याले?"

देवरीच्या मंडईतला अंतिम सामना. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. बुधराम गेला, शिवला, तिघांनी त्याला धरलं, आणि तो फरफटत मधल्या रेषेला हात लावून पडला. त्याचं गाव नाचायला लागलं. समोरचं गाव ओरडायला लागलं, दम तुटला, दम तुटला! धुळीतल्या त्या ढिगाऱ्यात कान लावूनही मला नीट ऐकू आलेलं नव्हतं. दुसऱ्या पंचाकडे पाहिलं तर तो माझ्याकडे पाहतोय. लोक रेषेच्या आत आले. मी शिट्टी तोंडात धरलेली, तोच बुधराम उठला, अंगावरची माती झटकली आणि म्हणाला, "गुरुजी, दम तुटला जी माझा. बाद द्या."

सामना गेला. ढाल गेली. त्याच्या गावाने त्याला परतीच्या वाटेवर काय काय ऐकवलं असेल! सुकवारोवहिनी, म्हणजे त्याची बायको, तेव्हा नवी नवी होती. पुढे कितीदा तरी तिने मला सांगितलं, "लय दिवस बोलली नाई मी त्याच्यासंग. म्हटलं, कोनाले आयकू नाई आलं, त तुले कायले सांगा लागते?" हे सांगताना तिला हसू येई आणि ते ती पदराने दाबी. माझ्या सगळ्या पंचगिरीत असा माणूस मला दुसरा भेटला नाही. त्याला मी सलाम ठोकतो तो या हरलेल्या सामन्यासाठी.

त्या गावाची एक रीत होती. मैदान दरवर्षी नव्याने करायचं. वारुळाची माती चाळून आणायची, जरा कोंडा मिसळायचा, पाणी मारायचं आणि सगळ्या गावाने अनवाणी तुडवायचं. आणि जो खेळाडू खेळणं सोडतो, त्याने शेवटच्या वर्षी आपल्या बांधीतली, म्हणजे धानाच्या शेतातली, टोपलीभर माती आणून त्या मैदानात मिसळायची. ना भाषण, ना हार. टोपली रिकामी करायची, वाकून हात लावायचा, बाहेर येऊन बसायचं. बापाची माती, आज्याची माती, सगळी त्यातच. म्हातारे कडेला बसून वाद घालत, "त्या कोपऱ्यात माझी कन्हार हाये, म्हणून तठी पाय घसरत नाई." कन्हार म्हणजे आमच्याकडची काळी, चिकट जमीन. त्या मैदानावर कोणी चप्पल घालून पाय ठेवला की बारकी पोरंसुद्धा अंगावर धावून जात.

बुधरामनेही आपली टोपली टाकली होती. पुढे त्याच मैदानावर गावच्या पोरींनी संघ उभा केला. सकाळी शाळा-कॉलेजच्या आधी सराव, रोशनी नावाची धारदार मुलगी कप्तान. बुधराम कडेला बसून त्यांना शिकवायचा. शिकवायचा म्हणजे काय, "पाय पाह्य, तोंड नको पाहू," एवढंच म्हणायचा. मागे साध्या तापाने गेला.

तो गेल्यावर वर्षभराने पिंटू माझ्याकडे आला. पिंटू म्हणजे तिकडच्या एका पुढाऱ्याचा माणूस. पुढाऱ्याला सगळे भाऊ म्हणतात, मीही भाऊच म्हणतो. पिंटू म्हणाला, "गुरुजी, भाऊ बुधरामजींचा पुतळा बसवून राहिले. नाव अमर करून टाकतो. तुम्ही समितीत पाहिजेच." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. एका गोंड खेळाडूचा पुतळा होतोय, होऊ द्या की! मैदानाच्या कडेला, झाडाखाली, असं मी धरून चाललो. तो म्हणाला होता एवढंच, "मैदानावरच, गुरुजी."

भूमिपूजनाच्या दिवशी सकाळी देवरीला बसने उतरलो, एकाच्या मोटरसायकलवर मागे बसून गावात पोचलो. आणि उतरलो ते उभाच राहिलो. मैदान नव्हतं. होतं ते एक खरवडलेलं अंगण. जेसीबीने वीतभर थर उचलून नेलेला, वर मुरूम पसरलेला, एका बाजूला पेव्हर ब्लॉकची चळत, आणि मधोमध खड्डा. मधल्या रेषेवर खड्डा!

"पिंटू, माती कुठे आहे?"

"कोणती माती?"

"मैदानाची रे!"

"अच्छा, ते? पार्किंगमध्ये टाकली ना. तिकडे चिखल झाला होता, भाऊंची गाडी फसली असती. टेन्शन नका घेऊ, सौंदर्यीकरण होऊन राहिलं पुरं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोललो ते इथे छापता यायचं नाही. पिंटू बिचारा खरोखरच गोंधळला. माझा हात धरून म्हणाला, "काऊन इतके तापून राहिले गुरुजी? मातीच त होती. ट्रकभर नवीन आणू."

मातीच तर होती! याला मी काय सांगू? ज्यांच्या नावाने तू मांडव घातलास ते सगळे त्या मातीत होते रे. त्यांना उचलून तू गाड्यांच्या चाकांखाली अंथरलंस, आणि आता एका दगडाला हार घालणार. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "गुरुजी, भाषणात बोला ना हे, चांगलं वाटेल." आता सांगा, डोकं आपटायचं कुठे?

भाऊ आले. गाडी पार्किंगमध्ये लागली, मस्त कोरडी. सुकवारोवहिनीला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. निवेदकाने तिचा उल्लेख 'वीरपत्नी' असा केला, जणू बुधराम सीमेवर गेला होता. शाल घातली, हातात नारळ दिला, आणि सांगितलं की आजी, खड्ड्याजवळ जाऊन वाढवा.

वहिनी खड्ड्याजवळ गेली. आत पाहिलं. इकडे तिकडे पाहिलं. मग मांडवाकडे तोंड करून म्हणाली, "अठी त मधली रेघ होती. पोरी कोठी खेळतीन आता?"

भाऊ हसले. माईक घेतला. "आजी, काळजी नको. देवरीत मोठं स्टेडियम होणार आहे."

"देवरीले बसनं जा लागते. पोरी शाळेच्या आधी खेळतात. बसनं जातीन अना शाळेले कवा येतीन?"

मांडवात खसखस पिकली. निवेदकाने लगेच टाळ्यांची विनंती केली. कोणीतरी गाणं लावलं. वहिनीने नारळ खड्ड्याच्या कडेला ठेवला, फोडला नाही, आणि सरळ माझ्याकडे आली. "गुरुजी, माती कोठी टाकली?"

मी हात दाखवला.

ती चालत पार्किंगपाशी गेली. कडेला थांबली. आणि चपला काढल्या. मोठमोठ्या गाड्या उभ्या, ड्रायव्हर लोक मोबाइल पाहताहेत, टायरच्या नक्षीने माती दाबली गेलेली, वर गुटख्याच्या पुड्या, आणि ही बाई चपला काढून आत शिरली. वाकून हात लावला. ड्रायव्हर म्हणाला, "आजी, काही पडलं का?"

मग मीही बूट काढले. आमच्या मागे तीन-चार जुने खेळाडू उठून आले, त्यांनीही काढले. आम्ही म्हातारे अनवाणी त्या गाड्यांच्या मध्ये उभे, काय करायचं ते कोणालाच सुचत नाही. ती माती परत गोळा होणार नव्हती, मुरूम, ऑइल, चिखल, सगळं एक झालं होतं. भोंग्यावर सूचना आली, ज्येष्ठ खेळाडूंनी कृपया आपल्या जागेवर बसावं. नारळ भाऊंनी स्वतः फोडला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता. आम्ही त्यात नव्हतो.

पुतळा झाला. जाऊन पाहा, रस्त्यावरूनच दिसतो. बुधरामला कधी मिशी नव्हती, पुतळ्याला आहे. चढाईला दोन्ही टाचा जमिनीत रोवून कोणी उभा राहत नाही, पुतळा राहतो. आणि खाली कोरलं आहे, 'आयुष्यात एकही सामना न हरलेला अजिंक्य कबड्डीपटू'. अरे, त्याची जी एक गोष्ट साऱ्या मुलुखाला सांगायची, तीच तुम्ही दगडात पुसून टाकली! मी लेखी तक्रार करणार होतो. कोणाकडे करू? समितीत माझंच नाव. वहिनीने पुतळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शेजारी होतो. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हा कोन होय?"

पेव्हर ब्लॉकवर कबड्डी होत नाही. पोरींनी करून पाहिली. रोशनीचं कोपर सोलून निघालं, एकीचा गुडघा सुजला. मग आयांनी पोरींना पाठवणं बंद केलं. त्यांचं तरी काय चुकलं? लग्नाच्या वयाच्या पोरी, उद्या पाय मोडला तर भाऊ येणार आहेत का? संघात सात पोरी लागतात. एक दिवस सरावाला तिघी आल्या. रोशनी मला फोनवर म्हणाली, "गुरुजी, यंदा मंडईत आमचा संघ नाही उतरणार." रडली नाही, नुसतं सांगितलं. बुधरामचं जे काही या जगात उरलं होतं ते हा संघ होता, आणि तो बुधरामच्या गौरवापायी संपत होता. मी रात्रभर चरफडत राहिलो, एवढंच माझ्या हातात होतं.

सुकवारोवहिनी चरफडली नाही. तिची गावालगत एक बांधी आहे. धान निघायच्या आधीच लोक त्यात लाखोळी फेकतात, ओलीवर दाळीचं पीक येतं. गेल्या वर्षी तिने फेकूच दिली नाही. मुलगा चिडला, "आई, लाखोळी कायले बुडवून राहिली?" ती म्हणाली, "लाखोळी पुढच्या साली होईन. पोरी पुढच्या साली सासरी जातीन."

बस्स. धान निघालं तसं पोरींनी धसकटं उपटली. मी रेषा मारायला फक्की घेऊन गेलो. आणि मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण एकेक म्हातारा डोक्यावर टोपली घेऊन यायला लागला. ज्यांनी एकदा टाकली होती त्यांनी पुन्हा टाकली. जे गेले त्यांच्या सुना, नातू आणून टाकत होते. पाणी मारलं, तुडवलं. जमीन अजून कच्ची होती, पडलं की लागायचं. पण सात पोरी झाल्या. आठवी बाहेर बसायला तयार झाली.

मंडईच्या आदल्या दिवशी मी रेषा मारत होतो. वहिनी धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसली होती. तेवढ्यात मोटरसायकल आली. पिंटू! बरोबर एक माणूस, त्याच्या खांद्यावर फ्लेक्सचा मोठा गुंडाळा आणि हातात पहार. पिंटूने चपला मात्र बाहेर काढल्या, तेवढं शिकला होता.

"आजी, भाऊंना कळलं तुम्ही शेत दिलं ते. लय खूश झाले. उद्या स्वतः येऊन राहिले तुमचा सत्कार करायला." त्याने फ्लेक्स उलगडून दाखवला. भाऊ हात जोडून, जवळजवळ खऱ्या मापाचे. खाली वहिनीचा फोटो, तिकिटाएवढा. त्यावर 'दानशूर क्रीडामाता'.

मी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. तोंड उघडणार, तर वहिनीने हातानेच मला थांबवलं. ती उठली, पदर खोचला आणि पिंटूसमोर जाऊन उभी राहिली.

"बोर्ड लावाले खड्डा खोदा लागन ना?"

"हो आजी. दोन बल्ल्या रोवायच्या फक्त."

"कोठी रोवान?"

पिंटूने मैदानाकडे पाहिलं. तो खरंच विचार करून बोलत होता, माझ्या रागाची त्याला धास्ती होतीच. मधल्या रेषेपासून जेवढं लांब दाखवता येईल तेवढं लांब त्याने बोट दाखवलं. "तिकडे आजी, एकदम कोपऱ्यात. तिथे कोणाला अडचण नाही."

वहिनीने त्याच्या बोटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"कोपऱ्यात पोरगी उभी रायते," ती म्हणाली.